नासाच्या मोहिमा दर निवडणुकीला का बदलतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक अध्यक्ष चंद्र म्हणतो, दुसरा लघुग्रह, तिसरा परत चंद्र. मंगळावरची माती आणायची मोहीम अर्ध्यावर सोडली. शास्त्रज्ञांनी सगळं ठरवावं आणि राजकारण्यांनी फक्त पैसे द्यावेत, असं का होत नाही? आणि अशा क्षेत्रात पीएचडीला जावं का?"

मी मूळचा मिरजेचा. गेली पंचवीसेक वर्षं अमेरिकेत अवकाशयानांवर बसणाऱ्या उपकरणांचं इलेक्ट्रॉनिक्स करतो. मोहीम कुठे जावी हे ठरवणाऱ्यांत मी कधीच नव्हतो. ठरवणाऱ्यांनी मत बदललं की ज्यांच्या टेबलावरचं काम थांबतं, त्यांच्यातला मी एक. तेवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. 'राजकारण नको' हा एक आणि 'धरसोड नको' हा दुसरा. पहिला सुटण्यासारखा नाही, आणि माझ्या मते सुटूही नये, कारण पैसा करदात्याचा आहे. आपल्याकडे धरणाचा आराखडा इंजिनिअर काढतो, पण धरण बांधायचं की नाही आणि कालवा कुठल्या तालुक्यातून न्यायचा, याला राजकारण लागतंच. बिघडतं कधी? आमदार भिंतीची जाडी सांगायला लागतो तेव्हा. नाहीतर अर्धी भिंत उभी राहिल्यावर सरकार बदलतं आणि नवे लोक धरण दुसऱ्या नदीवर न्यायला निघतात तेव्हा. मला दिसलेलं बहुतेक नुकसान या दोन जातींचं आहे. सरळ 'पैसे नाहीत' असं सांगितल्यानं झालेलं नुकसान त्यामानानं थोडं.

पूर्वी विज्ञानाला मान होता आणि आता राजकारण घुसलं, अशीही एक समजूत आहे. तिच्यासाठी अपोलोचा इतिहास बघावा. नोव्हेंबर १९६२ मध्ये व्हाइट हाउसमध्ये केनेडी आणि नासाचे प्रमुख जेम्स वेब यांची चांगलीच जुंपली होती, आणि त्या बैठकीची टेप उपलब्ध आहे. वेब सांगत होते की चंद्रावर पोचण्याखेरीजही अवकाशविज्ञानाचं मोठं काम आहे. केनेडींनी सरळ सांगितलं की मला अवकाशात तेवढा रस नाही. रशियाच्या आधी चंद्रावर पोचणं महत्त्वाचं. १९६६ च्या सुमारास अमेरिकी केंद्र सरकारच्या खर्चातला ४ टक्क्यांहून जास्त वाटा नासाला मिळत होता, आज अर्धा टक्काही मिळत नाही. शर्यत जिंकली तशी हवा गेली. १९७० सालीच पुढच्या तीन अपोलो मोहिमा कापल्या गेल्या. चंद्रावर चाललेल्या बारा जणांत पेशानं भूवैज्ञानिक फक्त एक, हॅरिसन श्मिट. तोही शेवटच्या अपोलो १७ मध्ये गेला, त्याची ठरलेली मोहीम रद्द झाल्यावर शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला म्हणून.

आणि माणसांच्या उड्डाणांचं केंद्र ह्यूस्टनलाच का? उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन टेक्ससचे, आणि नासाच्या पैशांवर बसलेल्या उपसमितीचे अध्यक्ष अल्बर्ट थॉमस खुद्द ह्यूस्टनचे. साखर कारखाना कुणाच्या तालुक्यात उभा राहतो हे ज्यानं पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही.

आता यंत्रणा कशी चालते ते पटकन. शास्त्रज्ञ दर दहा वर्षांनी राष्ट्रीय अकादमीमार्फत एक अग्रक्रमाची यादी काढतात. शेकडो लोक त्यात मतं मांडतात आणि वर्षभराहून जास्त भांडून एक क्रम ठरतो. २०२२ च्या ग्रहविज्ञानाच्या यादीत मंगळाचे नमुने आणायचं काम पुरं करा आणि नवी मोठी मोहीम युरेनसला न्या, असं होतं. ही यादी म्हणजे शिफारस, हुकूम नव्हे. मग व्हाइट हाउसचं अर्थसंकल्प कार्यालय अध्यक्षाच्या नावानं मागणी मांडतं. अमेरिकी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, ती मागणी फाडून स्वतःची तरतूद लिहिते. पैसा कुठे जाणार याचा खरा निकाल दोन्ही सभागृहांतल्या एकेका उपसमितीत लागतो. तिथे मोजकी माणसं बसतात. प्रत्येकाला मतदारसंघ आहे, प्रत्येकाच्या मतदारसंघात कुठला ना कुठला कारखाना किंवा विद्यापीठ आहे.

त्यामुळे मोहीम टिकते की मरते हे तिच्या विज्ञानावर जितकं ठरतं, तितकंच तिचं काम किती राज्यांत पसरलंय यावर ठरतं. जून १९९३ मधले दोन दिवस याचा पुरावा आहेत. २३ तारखेला प्रतिनिधिगृहात अवकाश स्थानक बंद करण्याचा प्रस्ताव आला आणि २१६ विरुद्ध २१५, म्हणजे एका मतानं स्थानक वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहानं टेक्ससमधला सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर हा अणूतल्या कणांची टक्कर घडवण्याचा प्रकल्प २८० विरुद्ध १५० मतांनी झिडकारला आणि ऑक्टोबरमध्ये तो कायमचा बंद झाला. वॅक्साहॅची गावाखाली २० किलोमीटरहून जास्त बोगदा खणून झाला होता आणि सुमारे २ अब्ज डॉलर खर्चून झाले होते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं कोलायडरची बाजू स्थानकापेक्षा कितीतरी भक्कम होती. त्याच्यावर उधळपट्टीचे आरोप होते, पण ते स्थानकावरही होते. फरक असा की जागा ठरायची होती तोवर अनेक राज्यांचे खासदार कोलायडरच्या बाजूनं होते. १९८८ मध्ये टेक्ससचं नाव जाहीर झालं आणि बाकीच्यांचा उत्साह ओसरला. स्थानकाची कंत्राटं मात्र देशभर होती.

हे एकदा कळलं की पुढचं गणित सोपं आहे. मोहीम वाचवायची असेल तर काम पसरवा. आणि काम पसरवलं की किंमत वाढते, कारण एक खोकं चार राज्यांतून फिरतं.

आता भिंतीची जाडी सांगणारे आमदार. २०१० मध्ये ओबामा सरकारनं आधीच्या बुश सरकारची चंद्रमोहीम, कॉन्स्टेलेशन, रद्द करायची ठरवली. निर्णय तसा समजण्यासारखा होता. स्वतंत्र समितीनं सांगितलं होतं की दिलेल्या पैशांत ती कधीच पुरी होणार नाही. पण फ्लोरिडा, टेक्सस, अलाबामा, यूटा इथल्या सिनेटरांनी त्या वर्षीच्या कायद्यात नवं महारॉकेट लिहून घेतलं. नुसतं 'मोठं रॉकेट करा' असं लिहिलं नाही. आधी किती टन उचलायचं, पुढे किती, आणि स्पेस शटलची जुनी कंत्राटं व जुनं सामान शक्य तिथे वापरायचं, हेही लिहिलं. हेच ते एसएलएस. आमच्या धंद्यात त्याला कुत्सितपणे 'सिनेट लाँच सिस्टिम' म्हणतात. २०१६ अखेरपर्यंत तयार व्हायचं ते पहिल्यांदा उडालं १६ नोव्हेंबर २०२२ ला. नासाच्या महानिरीक्षकानं, म्हणजे तिथल्या कारभाराची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, त्याच वर्षी काँग्रेसपुढे सांगितलं की सुरुवातीच्या चार मोहिमांत एका उड्डाणाचा खर्च माणसं बसायच्या कुपीसकट सुमारे ४.१ अब्ज डॉलर येईल. रॉकेट वाईट नाही, उत्तम उडालं. पण शटलची जी इंजिनं परत आणून पुन्हापुन्हा वापरण्यासाठी घडवली होती, ती यात एकदा वापरून समुद्रात टाकायची आहेत. इंजिनिअरच्या काळजाला हे लागतं.

त्याच कायद्यातली आणखी एक वस्तू मिसिसिपीत उभी आहे. स्टेनिस केंद्रातला ए-३ नावाचा चाचणी मनोरा, कॉन्स्टेलेशनचं वरच्या टप्प्याचं इंजिन विरळ हवेत चालवून बघण्यासाठी. कॉन्स्टेलेशन गेलं, इंजिनाची गरज गेली, मनोरा अर्धा झाला होता. मिसिसिपीच्या सिनेटरनं कायद्यात ओळ घातली की मनोरा पुरा करा. २०१४ मध्ये तो पुरा झाला, एकूण ३४.९ कोटी डॉलर लागले, आणि पुरा होताच बंद करून ठेवला. ज्याला लिहिता येतं त्यानं ओळ लिहिली, आणि ज्यांना तो मनोरा नको होता त्यांनीच तो निमूटपणे बांधला.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी सगळ्या खासदारांना शिव्या घालणार. पण युरोपाची गोष्ट इतकी सरळ नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

युरोपा हा गुरूचा चंद्र. वर बर्फ, खाली खारा समुद्र. शास्त्रज्ञांना तिथे फार आधीपासून जायचं होतं. २०११ च्या दशकी यादीतही तो वर होता. पण अर्थसंकल्प कार्यालयाला हे प्रकरण महागडं वाटत होतं आणि बरीच वर्षं अध्यक्षाच्या मागणीत त्यासाठी जेमतेम काही असायचं. मग ह्यूस्टनच्या उपनगरांचे रिपब्लिकन खासदार जॉन कल्बर्सन नासाच्या उपसमितीचे अध्यक्ष झाले. या गृहस्थांना युरोपाचं मनापासून वेड होतं. मागितले नसताना ते दरवर्षी पैसे घालत गेले. त्यांच्या मतदारसंघाला यातून फारसं काही मिळणार नव्हतं. काम मुख्यतः कॅलिफोर्निया आणि मेरीलँडला. म्हणजे हाही राजकीय हस्तक्षेपच, पण शास्त्रज्ञांच्या यादीच्या बाजूनं आणि व्हाइट हाउसच्या इच्छेविरुद्ध. कल्बर्सन नसते तर तिकडे निघालेलं युरोपा क्लिपर यान आज उडालेलं नसतं, असं मला तरी वाटतं.

पण वेडाला मर्यादा राहत नाही. कल्बर्सननी कायद्यात दोन गोष्टी लिहिल्या: क्लिपर एसएलएसवरूनच जाईल, आणि मागोमाग बर्फावर उतरणारं दुसरं यानही जाईल. उतरणाऱ्या यानाची शिफारस शास्त्रज्ञांच्या यादीत नव्हतीच. आणि एसएलएस? त्यानं तीन वर्षांच्या आत गुरू गाठता आला असता हे खरं, पण ते चांद्रमोहिमांसाठी राखून ठेवलं होतं आणि तेही उशिरा येत होतं. मग कायदा म्हणतो एसएलएस, कारखाना म्हणतो एसएलएस शिल्लक नाही, आणि यान बांधणारी टीम दोन-दोन रॉकेटांचे आकडे धरून काम करते. हे कागदावर किरकोळ दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक रॉकेट वेगळं हलतं, वेगळं गरगरतं, खालच्या कड्यापाशी वेगळी पकड मागतं. वायरच्या जुडग्याला किती ठिकाणी क्लिप मारायची हेही त्या हलण्यावर ठरतं. महानिरीक्षकानं २०१९ मध्ये हिशेब मांडला की यान तयार होऊन रॉकेटची वाट बघत पडलं तर सांभाळायला महिन्याला ३० ते ५० लाख डॉलर लागतील. पुढे एसएलएसची कंपनं यानाला झेपणार नाहीत हेही निघालं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये कल्बर्सन निवडणूक हरले. प्रचारात युरोपावरून त्यांची टरही उडवली गेली. उतरणारं यान गुपचूप मेलं. २०२० च्या अखेरीस काँग्रेसनं रॉकेटची सक्ती सैल केली, जुलै २०२१ मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन हेवी रॉकेटचं कंत्राट १७.८ कोटी डॉलरला झालं, आणि क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ ला उडालं. वाचलेले पैसे २ अब्ज डॉलरच्या आसपास सांगितले गेले. बदल्यात प्रवास लांबला. मंगळ आणि पृथ्वीचे झोके घेत ते एप्रिल २०३० मध्ये पोचेल.

एकाच माणसानं मोहीम जन्माला घातली आणि त्याच माणसानं तिच्या गळ्यात धोंडा बांधला. 'कुठे जायचं' हे त्यानं सांगितलं तोवर भलं झालं. 'कशावर बसून जायचं' हे सांगितलं तिथे घोळ झाला. माझ्यापुरती रेघ मी इथे ओढतो. तुमची रेघ थोडी इकडेतिकडे पडली तरी माझी हरकत नाही.

आता धरसोड. हे मी स्वतः भोगलंय, म्हणून थोडं जास्त लिहितो. संस्थेचं आणि मोहिमेचं नाव सांगत नाही.

आमचं एक छोटं कण मोजणारं उपकरण होतं. त्याला काही हजार व्होल्टचा पुरवठा लागतो. उच्च दाबाची ती पेटी एका रबरासारख्या रसायनात बुडवून घट्ट करतात, कारण आत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी पोकळीकडे जाताना त्यात ठिणगी पडते आणि पेटी मरते. हे काम आमच्याकडे एक बाई करायच्या. रसायन कोमट करायचं, काचेच्या बरणीत पंप लावून फेस येऊ द्यायचा, फेस बसेपर्यंत थांबायचं, आणि मग एका कोपऱ्यातून इतक्या सावकाश ओतायचं की बघणाऱ्याचा धीर सुटावा. कार्यपद्धती लिहिलेली होती, पण 'सावकाश' म्हणजे किती हे त्यांच्या मनगटालाच माहीत. मधेच वरून आदेश आला: मोहीम रद्द नाही, फक्त दोन वर्षं पुढे ढकला, या वर्षीच्या तरतुदीत बसत नाही. टीम एकोणीसवरून सहावर आली. बाई एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत गेल्या. दोन वर्षांनी पैसे परत आले तेव्हा एक चिप बनणंच बंद झालेलं होतं, म्हणून बोर्ड नव्यानं काढला. नव्या माणसानं ओतलेल्या पहिल्या तीन पेट्या ठिणगी पडून गेल्या. 'वाचवलेल्या' पैशांपेक्षा आम्ही जास्त खर्च केला, आणि तो कुठल्याही अहवालात 'राजकारणामुळे' म्हणून नोंदला गेला नाही. नोंद झाली ती 'उपकरणाच्या टीमकडून खर्चवाढ' अशी.

मोहिमेचा मोठा खर्च धातूचा नसतो, माणसांचा असतो. पेशवाईतल्या तैनाती फौजेसारखा: लढाई होवो न होवो, महिन्याचा पगार द्यायचाच. काम ढकललं तर फौज रिकामी बसते, आणि सोडून दिली तर परत तीच माणसं मिळत नाहीत. त्यात अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि त्या दिवसापर्यंत अर्थसंकल्प मंजूर झालेला मी क्वचितच पाहिला. मग मागच्या वर्षीच्या आकड्यावर काही आठवडे, काही महिने ढकलत न्यायचं. नवं काम सुरू करायचं नाही. मंगळ-नमुन्यांच्या मोहिमेचं असंच झालं. २०२३ मध्ये स्वतंत्र समितीनं खर्च ८ ते ११ अब्ज डॉलर सांगितला (हा दोष राजकारणाचा नाही, आम्हा लोकांचा, अंदाज कमी सांगायची खोड जुनी आहे). सिनेटनं आवळायचं ठरवलं, प्रतिनिधिगृहानं वेगळं, अंतिम आकडा लागेना. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही मोहीम सांभाळणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या जेपीएल प्रयोगशाळेनं सुमारे ५३० माणसं, म्हणजे ८ टक्के, कमी केली. निकाल लागायच्या आधीच माणसं गेली. मंगळावरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरनं भरलेल्या टायटेनियमच्या दहा नळ्या मंगळाच्या जमिनीवर नीट मांडून ठेवलेल्या आहेत, बाकीच्या रोव्हरच्या पोटात. न्यायला कोण येणार, ठाऊक नाही.

सगळ्यात हास्यास्पद धरसोड डिस्कव्हर उपग्रहाची. १९९८ मध्ये उपाध्यक्ष अल गोर यांनी कल्पना मांडली: पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून पृथ्वीचा उजेडातला चेहरा सतत बघणारा उपग्रह. तेव्हा त्याचं नाव ट्रायाना होतं. विरोधकांनी त्याला 'गोरसॅट' नाव पाडलं. राष्ट्रीय अकादमीच्या समितीनं विज्ञान ठीक आहे म्हटलं, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. सरकार बदललं आणि २००१ मध्ये तयार यान पेटीत गेलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अखेर उडालं, तेही सौर वादळांची आगाऊ सूचना द्यायला उपयोगी पडतं या सबबीवर. पुढच्या सरकारनं २०१८ च्या अर्थसंकल्पात काय मागावं? उपग्रह चालू ठेवा, पण पृथ्वीकडे बघणारी उपकरणं बंद करा. काँग्रेसनं ऐकलं नाही. त्याच यादीत समुद्राचा रंग मोजणारा पेस उपग्रहही कापला होता; तो काँग्रेसनं वाचवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये उडाला.

इथे आणखी एका जातीचा हस्तक्षेप येतो. त्याच्याबद्दल मी थोडक्यात पण कडकपणे बोलेन. पैसे देणं, न देणं हा लोकप्रतिनिधींचा अधिकार. मोजून आलेला आकडा काय म्हणतो यात हात घालणं हा कुणाचाच अधिकार नाही. २००६ मध्ये नासाचे हवामानतज्ज्ञ जेम्स हॅन्सन यांनी जाहीर केलं की आपली भाषणं आणि मुलाखती जनसंपर्क विभागाकडून अडवल्या जातायत. पुढे महानिरीक्षकाच्या चौकशीत त्या विभागातल्या राजकीय नेमणुकीच्या लोकांनी हवामानबदलाची माहिती दाबल्याचं निघालं. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी डोरियन वादळ अलाबामाला धडकेल असं लिहिलं, बर्मिंगहॅमच्या हवामान कार्यालयानं काही मिनिटांत लोकांना धोका नसल्याचं सांगितलं, आणि काही दिवसांनी वरच्या संस्थेनं सहीविना निवेदन काढून स्वतःच्याच कार्यालयाला खोटं पाडलं. पैसे कापले तर उपकरण उशिरा उडतं. इथे वादळाच्या तोंडावर लोकांनी कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न होता.

आणि ताजं प्रकरण. मे २०२५ मध्ये व्हाइट हाउसनं पुढच्या वर्षासाठी नासाची तरतूद सुमारे २४ टक्क्यांनी आणि त्यातल्या विज्ञानाची सुमारे ४७ टक्क्यांनी कापायची मागणी केली. गुरूभोवती फिरणारं जुनो, प्लूटोपलीकडे गेलेलं न्यू होरायझन्स, अशा चाळीसहून जास्त मोहिमा बंद करायच्या यादीत होत्या. त्यातल्या बऱ्याच चालू असलेल्या, ज्यांचा फक्त रेडिओवर ऐकायचा खर्च उरलाय अशा. जुलैमध्ये काँग्रेसनं दुसऱ्याच कायद्यातून नासाला जवळजवळ १० अब्ज डॉलर दिले, त्यात एसएलएससाठी ४.१ अब्ज, आणि एक निवृत्त यान ह्यूस्टनला हलवण्यासाठी साडेआठ कोटी. यानाचं नाव कायद्यात नाही, पण वॉशिंग्टनजवळच्या संग्रहालयातलं डिस्कव्हरी शटल हे सगळ्यांना समजलं. जुन्या शटलच्या बदलीला पैसे आहेत आणि जुनोचं ऐकायला नाहीत! शेवटी जानेवारी २०२६ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून विज्ञानावरची ती कपात जवळजवळ सगळी नाकारली. मंगळ-नमुन्यांची मोहीम मात्र जुन्या रूपात सोडली. मग काहीच झालं नाही का? मधल्या महिन्यांत नासाचे काही हजार लोक स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेत निघून गेले. आमच्या त्या रसायन ओतणाऱ्या बाईंसारखे त्यांत किती असतील, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आपल्याकडे काय? अवकाश विभाग थेट पंतप्रधानांकडे आहे, आणि एकेका मोहिमेवर संसदेत उपसमित्या झगडत नाहीत. त्यामुळे धरसोड कमी, पण का ठरलं हेही बाहेर कमी कळतं. उशीर मात्र होतोच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हे गुरुत्वीय लहरी टिपणारं केंद्र उभं राहायचं आहे. गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ची, आणि आठवडाभरात मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी आली. बातम्या झाल्या, फोटो झाले. २६०० कोटी रुपयांची खरी मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये आली. मधली सात वर्षं इथे घोडं पेंड खात होतं आणि भारतासाठी राखलेलं यंत्राचं सामान अमेरिकेत हॅनफर्डला खोक्यांत पडून होतं. कुणी विरोध केला नव्हता, फाइल फिरत होती. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेत संजीव धुरंधर यांच्यासारखी माणसं या लहरी कशा ओळखायच्या यावर त्याच्या कितीतरी आधीपासून काम करत होती. उलट तमिळनाडूतल्या थेनीच्या न्यूट्रिनो वेधशाळेला २०१५ मध्ये मंजुरी मिळूनही स्थानिक विरोधात ती अडकली. त्या विरोधातल्या काही भीती निराधार होत्या. पण डोंगर पोखरणार असाल तर खाली राहणाऱ्यानं प्रश्न विचारणं याला मी हस्तक्षेप म्हणणार नाही. त्याला वेळेत, त्याच्या भाषेत उत्तर द्यायला शास्त्रज्ञ कमी पडले.

आणि हा सगळा पसारा एकमेकांत अडकलेला आहे. त्याच २०२५ च्या मागणीत अमेरिकेतल्या लायगोच्या दोनपैकी एकच केंद्र चालवायचा प्रस्ताव होता. लहर कुठून आली हे शोधायला एकमेकांपासून लांब असे अनेक शोधक लागतात, आणि औंढ्याच्या केंद्राचा निम्मा अर्थ तिथेच आहे. वॉशिंग्टनमधल्या एका ओळीनं हिंगोलीच्या यंत्राची किंमत बदलू शकते.

आता पीएचडीचं. माझं उत्तर 'जा' असं आहे, पण ते तुमच्या परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. घरी कर्ज असेल, आई-वडील तुमच्या पगारावर असतील, तर सहा वर्षांचा हा जुगार मी सुचवणार नाही. तसं नसेल तर, ज्या मोहिमेला अजून उडायचं आहे तिच्यावर प्रबंध बांधू नका. उडून गेलेल्या यानाचा डेटा घ्या. तो सार्वजनिक असतो, कापला जात नाही, आणि परदेशी नागरिकालाही खुला असतो. नासाच्या सरकारी नोकरीला नागरिकत्व लागतं आणि उपकरणांच्या कामात निर्यातबंदीचे कायदे आडवे येतात. डेटावाल्याला ही अडचण कमी. हार्डवेअरचीच हौस असेल तर इस्रो, अहमदाबादची पीआरएल, टीआयएफआर, आयुका हे रस्ते आधी बघा. आणि गाइडला संकोच न करता विचारा: हातात किती वर्षांचे पैसे आहेत? मोहीम कागदावर आहे की धातू कापायला सुरुवात झालीय? धातू कापला म्हणजे वाचली असंही नाही म्हणा. चंद्रावर जायचा व्हायपर रोव्हर सुमारे ४५ कोटी डॉलर खर्चून, जोडून तयार असताना जुलै २०२४ मध्ये रद्द झाला आणि वर्षभरानं दुसऱ्या कंपनीच्या यानावर त्याला पुन्हा जागा मिळाली. तरी धातूवाल्यांचे नशीब कागदवाल्यांपेक्षा बरं असतं.

प्रोग्रॅमिंग आणि एखादं हातानं करायचं काम, दोन्ही शिकून ठेवा. मोहीम गेली तरी त्यावर पोट चालतं. आमच्या बाईंचं चाललं.

आणि अर्जाची ईमेल सप्टेंबर संपता संपता अमेरिकी प्राध्यापकाला पाठवू नका. १ ऑक्टोबरच्या आठवड्यात तुम्हाला जागा आहे की नाही सोडाच, स्वतःच्या प्रयोगशाळेचा दिवा चालू राहणार आहे का, हेही त्यांना माहीत नसतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लिहा.